रानातली वॉटरक्रेस: ओळखायची कशी, तोडायची कुठे आणि शिजवायचीच का

मार्च-एप्रिल आला की दक्षिण इंग्लंडमधल्या मराठी मित्रमंडळींकडून मला फोटो यायला लागतात. ओढ्याच्या काठाकाठाने फिरायला गेलेले असतात, नितळ पाण्यात हिरव्यागार पानांचे ताटवे दिसतात, कोणीतरी एखादं पान चावून बघितलेलं असतं आणि ते मुळ्याच्या पाल्यासारखं झणझणीत लागलेलं असतं. प्रश्न ठरलेला: ही वॉटरक्रेसच ना? खाल्ली तर चालेल?

वॉटरक्रेस असेल तर चालेल, पण शिजवून. कच्ची नाही. तीन पाण्यांनी धुतली तरी नाही, मीठ-व्हिनेगरात भिजवली तरी नाही. आणि ते एक पानही चावून बघू नये.

हे ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटतं, कारण सुपरमार्केटात हीच भाजी पिशवीत भरून मिळते आणि सगळे ती सॅलडमध्ये कच्चीच खातात. वनस्पती तीच, नाव तेच, मग ओढ्यातल्या भाजीनेच काय पाप केलं? पाप भाजीचं नाही. ती ज्या पाण्यात उभी आहे त्या पाण्याला वरच्या अंगाला कोण भेटून आलंय, हा प्रश्न आहे. तो नीट कळला की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

मेंढी, गोगलगाय आणि पान

फॅसिओला हिपॅटिका नावाचा एक कृमी आहे. आपल्याकडे गुरांचे डॉक्टर या जातीच्या चपट्या कृमींना पर्णकृमी म्हणतात. लांबी दोन-तीन सेंटीमीटर, आणि मुक्काम मेंढ्यांच्या आणि गाईंच्या यकृतात, पित्त वाहून नेणाऱ्या नळ्यांमध्ये. तिथे बसून तो रोज हजारोंनी अंडी घालतो. अंडी पित्ताबरोबर आतड्यात उतरतात आणि लेंड्यांमधून, शेणातून बाहेर पडतात.

कोरड्या जमिनीवर पडलेल्या अंड्यांचं काही होत नाही. पण पाऊस पडला, ओघळ ओढ्यापर्यंत गेला, पाणी जरा कोमट झालं की काही आठवड्यांत अंड्यातून एक सूक्ष्म अळी बाहेर पडते. तिच्या अंगभर बारीक केस असतात आणि त्यांच्या जोरावर ती पोहते. तिला खाता येत नाही आणि तिच्याकडे जेमतेम एक दिवस असतो. तेवढ्यात तिला एक विशिष्ट गोगलगाय सापडली पाहिजे. ही गोगलगाय, गाल्बा ट्रन्कॅट्युला, एक सेंटीमीटरहूनही लहान असते. ती खोल पाण्यात नाही, तर काठच्या ओल्या चिखलात राहते, म्हणजे नेमकी जिथे वॉटरक्रेस वाढते तिथेच.

गोगलगाईच्या अंगात जे घडतं ते मला या सगळ्या साखळीतलं सर्वांत थक्क करणारं वाटतं. आत शिरलेली अळी एकच असते, पण ती रूप बदलत, आतल्या आत वाढत, दीड-दोन महिन्यांत शेकडो नव्या अळ्यांना जन्म देते. या नव्या अळ्यांना बेडकाच्या पिल्लासारखी शेपूट असते. ओल मिळाली की त्या गोगलगाईतून बाहेर पडतात, थोडं पोहतात, आणि काही तासांत पाण्यातल्या पानाला किंवा देठाला चिकटतात. शेपूट गळून पडते आणि अळी स्वतःभोवती एक कठीण कवच तयार करते. हीच पुटी. तिचा आकार पाव मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे पानावर धुळीचा कण असावा तसा. मुद्दाम शोधायला बसलात तरी भाजी निवडताना ती दिसणार नाही.

ही पुटी पानावर नुसती पडलेली नसते. अळीने स्वतःच्या स्रावाने ती पक्की चिकटवलेली असते, म्हणून नळाच्या धारेखाली ती सुटेल याची खात्री देता येत नाही. व्हिनेगर, मीठ, लिंबू यांनी काही पुट्या सुटतील, काही मरतील, पण सगळ्या नाही. आणि दुखणं यायला थोड्याच पुरतात. थंडीवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही, कारण ओलसर जागी या पुट्या इंग्लंडचा अख्खा हिवाळा काढतात. दोन गोष्टी मात्र त्यांना सोसत नाहीत, पूर्ण कोरडेपणा आणि उष्णता. भाजी वाळवून खायची नसते, त्यामुळे आपल्या हातात उरते ती चूल.

मेंढीने पान खाल्लं तर चक्र पुन्हा सुरू होतं. माणसाने खाल्लं तरी कृमी तोच रस्ता धरतो. लहान आतड्यात कवच उघडतं, पिल्लू आतड्याची भिंत भेदून पोटाच्या पोकळीत उतरतं, यकृताच्या आवरणातून आत घुसतं आणि सहा-सात आठवडे यकृताच्या मांसातून वाट काढत पित्तनळीपर्यंत पोचतं. या काळात ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं, अंगावर पित्ताच्या गांधी उठणं, भूक जाणं, वजन उतरणं असं काहीही होऊ शकतं. पुढे कृमी पित्तनळीत स्थिरावला की दुखणं एक तर शांत होतं किंवा अधूनमधून कावीळ आणि पोटशूळ होऊन डोकं वर काढतं. एकदा बसलेला कृमी दहा वर्षंही जगू शकतो.

निदान चुकायला इथे भरपूर वाव आहे. कृमी अंडी घालायला लागेपर्यंत तीन-चार महिने जातात, त्यामुळे सुरुवातीच्या तापात विष्ठेची तपासणी केली तर काहीच सापडत नाही. रक्तात इओसिनोफिल नावाच्या पेशी मात्र खूप वाढलेल्या दिसतात. अशा वेळी 'मी दोन महिन्यांपूर्वी ओढ्यातली भाजी कच्ची खाल्ली होती' हे रुग्णाचं एक वाक्य डॉक्टरांना कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त उपयोगी पडतं. मग रक्ताची खास तपासणी होते. औषध आहे, ट्रायक्लाबेंडाझोल, आणि ते चांगलं काम करतं. इतर बऱ्याच चपट्या कृमींवर चालणारं प्राझिक्वांटेल या कृमीवर सहसा चालत नाही. म्हणून 'जंताची गोळी घेतली की झालं' असं समजून घरचे उपाय करत बसू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ७० हून अधिक देशांत मिळून निदान २४ लाख लोकांना हा संसर्ग आहे. त्याचा जोर सर्वांत जास्त आहे तो बोलिव्हिया आणि पेरूच्या उंच पठारांवर. ब्रिटनमध्ये आता तो दुर्मीळ आहे, पण १९६० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये रानातल्या वॉटरक्रेसमुळे हॅम्पशरमध्ये उद्भवलेल्या साथीवर लेख आला होता. हॅम्पशर म्हणजे या भाजीचं माहेरघर.

हे कळलं कसं

१८७९-८० च्या ओल्या वर्षांत इंग्लंडात यकृत सडण्याच्या रोगाने सुमारे ३० लाख मेंढ्या दगावल्या. मेंढ्यांच्या यकृतात चपटे कृमी सापडतात हे खाटकांना आणि धनगरांना शतकानुशतकं ठाऊक होतं. दलदलीत चारलेल्या मेंढ्यांनाच ते जास्त होतात, हेही ठाऊक होतं. मधली कडी मात्र कोणालाच माहीत नव्हती. रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीने ऑक्सफर्डकडे मदत मागितली आणि काम आलं अल्जर्नन थॉमस या तरुण प्राणिशास्त्रज्ञाकडे.

थॉमसने ओढे-डबकी पालथी घातली, वेगवेगळ्या गोगलगाई तपासल्या. छोट्या गाल्बा गोगलगाईवर त्याचा संशय होता, पण प्रयोगाला पुरतील इतक्या त्या सापडेनात. १८८२ च्या उन्हाळ्यात ऑक्सफर्डजवळ नदीला पूर आला आणि पाण्याबरोबर या गोगलगाई ढिगांनी वाहून आल्या. मग मात्र त्याने अळी गोगलगाईत शिरण्यापासून ती पानावर पुटी होऊन बसण्यापर्यंतचा सगळा प्रवास डोळ्यांनी पाहिला आणि १८८३ मध्ये तो सविस्तर मांडला. त्याच सुमारास जर्मनीत लाइपझिगला रुडॉल्फ लॉयकार्ट याच निष्कर्षाला स्वतंत्रपणे पोचला होता. पुटी बसलेला पाला खाऊनच जनावराला लागण होते, हा शेवटचा दुवा पुढे १८९० च्या दशकात अडॉल्फो लुट्झ या ब्राझिलच्या डॉक्टराने हवाई बेटांवर पक्का केला. पर्णकृमीचं पूर्ण जीवनचक्र उलगडल्याचं हे पहिलं उदाहरण. मला हा इतिहास सांगावासा वाटतो, कारण 'धुतलं की झालं' हा आपला विश्वास किती नैसर्गिक आणि किती अपुरा आहे ते त्यातून दिसतं. घाण डोळ्यांना दिसते. हा कृमी मात्र स्वच्छ पाण्यातून, स्वच्छ दिसणाऱ्या पानावरूनच येतो.

आपल्या देशातही गुराढोरांत याचा भाऊबंद, फॅसिओला जायजँटिका, पसरलेला आहे. तोही गोगलगाईतून पाण्यातल्या वनस्पतींवर येतो. पण पाण्यात वाढणारी नाळीची भाजी आपण कच्ची खात नाही, फोडणीला टाकतो. पालेभाजी चिरून, शिजवून खायची ही आपली सवय किती संरक्षण देते, याचा आपण क्वचितच विचार करतो. एक सवय मात्र सोडण्यासारखी आहे. तळ्यातले ताजे शिंगाडे दातांनी सोलू नयेत. उत्तर प्रदेश-बिहारकडे आढळणारा आतड्यातला मोठा चपटा कृमी असाच, सालीवरच्या पुटीतून तोंडात जातो.

मग दुकानातली कच्ची कशी चालते?

कारण ती वेगळ्या पाण्यात वाढते. १८०८ मध्ये विल्यम ब्रॅडबरी याने केंटमध्ये ग्रेव्हझेंडजवळ स्प्रिंगहेड इथे वॉटरक्रेसची पद्धतशीर लागवड सुरू केली. त्याआधी लोक ती ओढ्यांतून खुडूनच आणायचे. पुढे लंडनच्या रस्त्यांवर तिच्या जुड्या विकल्या जाऊ लागल्या. हेन्री मेह्यू या पत्रकाराने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अशी जुड्या विकणारी आठ वर्षांची मुलगी भेटल्याचं लिहून ठेवलं आहे. पाव आणि वॉटरक्रेस हा त्या काळच्या कामगारांचा नाश्ता होता. १८६५ मध्ये हॅम्पशरच्या ऑल्सफर्ड गावातून रेल्वे सुरू झाली आणि ताजी भाजी लंडनला जाऊ लागली. ती गाडी आजही हौशी लोक 'वॉटरक्रेस लाइन' म्हणून चालवतात.

आजचे मळे खडूच्या खडकात मुरलेल्या पाण्यावर चालतात. हे पाणी झऱ्यातून किंवा बोअरमधून थेट वाफ्यात सोडतात. त्याचं तापमान बारा महिने १० ते ११ अंश असतं, त्यामुळे कडाक्याच्या थंडीतही वाफे गोठत नाहीत. वाफ्याच्या तळाला खडी असते, भोवती कुंपण असतं, गुरं-मेंढ्या जवळ येऊ शकत नाहीत आणि गोगलगाईंवर लक्ष असतं. साखळीच्या दोन्ही कड्या तोडलेल्या असतात. जमिनीतून वर आलेलं पाणी मधे कुठल्याही कुरणाला न भेटता पानापर्यंत पोचतं. रानातल्या ओढ्याबाबत असं कधीच म्हणता येत नाही. तुम्ही उभे आहात तिथे मेंढी नसेल, पण दोन किलोमीटर वर असेल.

ओळखताना

वॉटरक्रेस मोहरी-मुळ्याच्या कुळातली आहे. अळीवही याच कुळातलं, त्यामुळे लाडवात जाणारं अळीव आणि ही भाजी जवळच्या नात्यातल्या. इंग्लंडात अंड्याच्या सँडविचमध्ये पूर्वापार घालतात ते 'क्रेस' म्हणजे अळिवाचे कोवळे कोंबच.

खात्री करायची ती अशी. एका देठावर पर्णिका, म्हणजे एकाच पानाचे छोटे छोटे भाग, जोडीजोडीने समोरासमोर आणि टोकाला एक. टोकाची पर्णिका इतरांपेक्षा मोठी आणि गोलसर. पर्णिकांच्या कडा सपाट किंवा जेमतेम लाटेदार. करवतीसारखे दाते कधीच नाहीत. खोड गुळगुळीत, पोकळ, रसरशीत, आणि पेरापेरातून पांढऱ्या बारीक मुळ्या सुटलेल्या. फूल पांढरं, लहान, बरोबर चार पाकळ्यांचं. नंतर मोहरीसारख्या बारीक शेंगा. दोन जवळच्या जाती आहेत: एक हिवाळ्यात हिरवी राहते, दुसरी थंडीत तांबूस-जांभळी पडते. खायला दोन्ही सारख्या.

धोका आहे तो शेजाऱ्यांचा. त्याच ओढ्यात, त्याच ताटव्यात, गाजर-कोथिंबिरीच्या कुळातल्या वनस्पती उगवतात. त्यातली 'फूल्स वॉटरक्रेस' लांबून अगदी तशीच दिसते, पण तिच्या पर्णिकांना बारीक दाते असतात, पानाचा बुडखा खोडाला कवेत घेतो आणि चुरगळली तर गाजरासारखा वास येतो. फुलं जून झालेल्या कोथिंबिरीला येतात तशा छत्र्यांची. ही विषारी नाही. तिच्यासारखीच दिसणारी बेरुला मात्र विषारी मानली जाते. तिच्या पानाच्या देठावर, सर्वांत खालच्या पर्णिकांच्या खाली, एक फिकट कडं असतं.

आणि मग आहे ईनँथी क्रोकाटा, इंग्रजीत हेमलॉक वॉटर-ड्रॉपवर्ट. ब्रिटनमधल्या सर्वांत विषारी वनस्पतींत तिची गणना होते. तिची मुळं पांढऱ्या गाठींच्या घोसासारखी असतात आणि इथले लोक त्यांना मेलेल्या माणसाची बोटं म्हणतात. तिच्यातलं विष मेंदूवर जातं, झटके येतात, माणूस दगावू शकतो. आपल्या लोकांना मी हे मुद्दाम सांगतो, कारण तिची पानं आपल्या डोळ्यांना कोथिंबिरीसारखी किंवा सेलरीसारखी दिसतात आणि वासही आवडावा असा असतो. 'रानातली कोथिंबीर मिळाली' म्हणून ती घरी आणण्याचा मोह होऊ शकतो. पाण्याकाठी छत्रीसारखी फुलं येणारं काहीही, कितीही ओळखीचं वाटलं तरी, तोडू नका. शिजवल्यावर विष जाईल या भरवशावर तर मुळीच राहू नका.

म्हणून वॉटरक्रेस मुठीने ओढून तोडायची नसते. एकेक शेंडा हातात घ्यायचा, पानाची कड बघायची, मग कापायचा. वेळ लागतो, पण ताटव्यात मिसळलेलं दुसरं काही पिशवीत जात नाही. पहिल्यांदा जाताना ओळख असलेलं माणूस बरोबर असावं. फोनवरच्या ओळखणाऱ्या ॲपच्या जिवावर पाण्यातली भाजी मी तरी कोणाला खायला सांगणार नाही.

तोडताना

शिजवून खायची असली तरी जागा निवडावीच लागते. वॉटरक्रेस पाण्यातलं शिसं, आर्सेनिक असे धातू ओढून घेते आणि ते उकळून जात नाहीत. त्यामुळे जुन्या खाणींच्या खालचा प्रवाह, हमरस्त्याच्या कडेचा चर, कारखान्यामागचा नाला, सांडपाणी येऊन मिळतं ती जागा टाळा. साचलेल्या पाण्यातली घेऊ नका. वाहतं, गार, झऱ्याजवळचं पाणी चांगलं. पण वाहतं आहे म्हणून कृमी नसेल हा तर्क करू नका, पुट्या वाहत्या पाण्यातल्या पानांवरही बसतात. नकाशा उघडून ओढ्याच्या वरच्या अंगाला काय आहे ते बघण्याची सवय लावा. कुरणं दिसली तर मी तो ओढा सोडून देतो.

इंग्लंडात एक जुना संकेत आहे: ज्या महिन्याच्या नावात 'र' आहे त्याच महिन्यात वॉटरक्रेस खावी. गंमत म्हणजे देवनागरीतही हा हिशेब तंतोतंत जुळतो. सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत प्रत्येक महिन्यात र आहे. मे, जून, जुलै, ऑगस्ट यांत नाही. या चार महिन्यांत भाजी फुलावर येते, देठ जून होतात, चव कडवट होते, म्हणून चवीपुरता हा संकेत खरा आहे. कृमीपासून मात्र तो वाचवत नाही. गोगलगाईतून अळ्या मुख्यतः उन्हाळ्याच्या शेवटी आणि शरदात बाहेर पडतात, म्हणजे संकेताप्रमाणे हंगाम सुरू होतो तेव्हाच पानांवर पुट्या ताज्या असतात.

कात्रीने पाण्याच्या वरचे चार-सहा इंचांचे शेंडे कापा, मुळं तशीच राहू द्या. उपटण्याने ताटवा मरतो, आणि इंग्लंड-वेल्समध्ये जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कुठलीही रानवनस्पती मुळासकट उपटणं १९८१ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. घरच्यापुरता पाला, फुलं, फळं तोडणं १९६८ च्या कायद्याप्रमाणे चोरी ठरत नाही. विकण्यासाठी तोडलं तर ठरतं. पण तो अधिकार दुसऱ्याच्या आवारात शिरण्याचा नाही. इचन आणि टेस्टसारख्या खडूतल्या नद्या संरक्षित आहेत. असे प्रवाह जगात फार थोडे आहेत आणि त्यांतले बहुतेक इंग्लंडात आहेत. म्हणून चार माणसांच्या भाजीपुरतंच घ्या आणि एका ओढ्यातून दुसऱ्यात जाण्याआधी बूट धुऊन कोरडे करा. पाण्यातले रोग बुटांच्या तळव्यांवरूनही प्रवास करतात.

स्वयंपाकघरात

घरी आणलेली रानातली वॉटरक्रेस कच्च्या मांसासारखी हाताळायची. हा नियम लोक सहसा विसरतात. तिची पाटी-सुरी वेगळी, ती ठेवलेलं ताट धुतल्याशिवाय त्यात काकडी ठेवायची नाही, आणि बेसिनमध्ये कोथिंबिरीशेजारी ती सोडायची नाही. भाजी शिजवून खाल्ली आणि तिच्याच पाटीवर कोशिंबीर चिरली, तर काही उपयोग नाही.

मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन दोन-तीनदा खळबळून धुवा. गाळ, बारीक किडे, गोगलगाई निघून जातात. हे धुणं स्वच्छतेसाठी, कृमीसाठी नाही. मग निवडा: पिवळी पानं, जाड देठ, मुळ्या काढा. उकळत्या पाण्यात टाकून पाणी पुन्हा खळखळायला लागल्यावर चार-पाच मिनिटं ठेवा. पानं कढईत पडल्या पडल्या कोमेजतात, पण कोमेजली म्हणजे शिजली नव्हे. देठापर्यंत चटका पोचला पाहिजे. कच्ची चटणी, स्मूदी, रस, कोशिंबीर यांत रानातली वॉटरक्रेस नको.

शिजवल्यावर तिखटपणा उतरतो. पानात ग्लुकोनॅस्टर्टिन नावाचं द्रव्य आणि मायरोसिनेज नावाचं विकर वेगवेगळं साठवलेलं असतं. चावल्यावर ती एकत्र येतात आणि नाकात जाणारा झणका तयार होतो. उष्णतेने विकर निकामी होतं, म्हणून झणका जातो. मोहरी फेसताना नाकात जातो तो याच जातीचा झणका, आणि तोच इथे कामाला येतो. शिजवून पिळलेली वॉटरक्रेस बारीक चिरून घट्ट दह्यात घालायची आणि वर चमचाभर फेसलेली कच्ची मोहरी. मीठ, किंचित साखर. कच्च्या पानाला जे तेज असतं ते या भरतात परत येतं.

शिजवणं म्हणजे तडजोड असं मी मानत नाही. न्यूझीलंडचे माओरी लोक रानातली वॉटरक्रेस डुकराच्या मांसाबरोबर मोठ्या पातेल्यात उकळतात. हाँगकाँगमध्ये हाडांबरोबर तासन्तास शिजवून तिचं सूप करतात. या लोकांची ही रोजची भाजी आहे, सॅलडची शोभा नाही. सूप करायचं तर कांदा-बटाटा आधी मऊ शिजवून त्यात ती घाला, पाच मिनिटं उकळा आणि घुसळा. उकळलेलं पाणी त्यातच राहतं, त्यामुळे क जीवनसत्त्व पाण्याबरोबर फेकलं जात नाही.

माझी आवड पीठ पेरून केलेली भाजी. मुळ्याच्या पाल्याची करतो तशीच. तेल जरा सढळ, मोहरी, हिंग, हळद, भरपूर लसूण, सुकी मिरची. शिजवून पिळलेली वॉटरक्रेस चिरून घालायची, परतायची, मीठ घालायचं, मग वरून बेसन भुरभुरायचं आणि झाकण ठेवून दोन वाफा काढायच्या. बेसन आधी कोरडं भाजून घेतलं तर गोळे होत नाहीत. ताकातली पातळ भाजीही छान होते: भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे आधी शिजवून घ्यायचे, त्यात पाला उकळायचा, बेसन लावलेलं ताक घालून मंद आचेवर सतत ढवळायचं आणि वर लसणाची फोडणी द्यायची.

२०१४ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या नियतकालिकात भाज्या-फळांची पोषणानुसार क्रमवारी आली होती आणि वॉटरक्रेसला त्यात १०० पैकी १०० गुण मिळाले. तेव्हापासून तिला औषधासारखं खाणारे लोक दिसतात. ती क्रमवारी उष्मांकांच्या तुलनेत मोजलेली आहे आणि या भाजीत उष्मांक जवळपास नसतातच, हे लक्षात ठेवा. चांगली पालेभाजी आहे, इतकं पुरे. तिच्यात के जीवनसत्त्व भरपूर असतं, म्हणून वॉरफरीनसारखं रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांनी एकदम मोठा वाडगा खाण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. घरात असं औषध घेणारं कोणी असेल तर भाजी आणण्याआधीच विचारून ठेवा. आणि ज्यांना पावात घालून कच्चीच खायची आहे त्यांनी सुपरमार्केटातली मळ्यातली पिशवी घ्यावी. रानातली जुडी त्या दिवशी कढईतच जाऊ द्यावी.